अर्ध्या विटेचं अंतर

तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून तिने ओळंबा खाली सोडला, तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं. निदान तिने तरी वाकून नीट पाहिलं होतं. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं पितळी वजन. भिंत सरळ उभी आहे की कुठे कलली आहे, हे त्याच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. पण त्यासाठी आधी तो स्वतः स्थिर व्हावा लागतो, आणि आज तो काही केल्या स्थिर होत नव्हता. झुलतोय आपला इकडून तिकडे... एवढ्यात खालून एक हात आला आणि त्याने वजन अलगद धरलं.

"हात लावू नका," ती वरून ओरडली.

हात लगेच सुटला. ओळंबा पुन्हा झुलायला लागला.

"हात नाही लावला तर कपाळ लागेल," खालून आवाज आला. "तुम्हीच सांगा, काय लावू?"

तिला हसू आलं, पण कामावर असताना हसायचं नाही असा तिचा एक नियम होता. वरून तिला फक्त दाट केस आणि एक खांदा दिसत होता. तो खांदा हलला, जिना चढून दुसऱ्या मजल्यावरच्या दाराआड गेला आणि पाण्याने भरलेली बादली घेऊन पुन्हा खाली उतरला. बादली त्याने बरोबर दोरीखाली ठेवली. वजन पाण्यात बुडालं, दोनदा डुचमळलं आणि गप्प झालं.

ही युक्ती तिला कॉलेजातच शिकवली होती. नेमकी आजच ती विसरली होती, आणि तिची एका परक्या माणसाने आठवण करून द्यावी याचा तिला जरा रागच आला. "माहीत होतं मला," ती म्हणाली.

"वाटलंच," तो वर बघून म्हणाला. "बादली संध्याकाळपर्यंत ठेवा. आत्याला सांगतो मी, अंघोळीला दुसरी घे म्हणून."

पालिकेच्या इमारत-तपासणी विभागात तिला लागून दोन वर्षं झाली होती, आणि एकटीने तपासायला मिळालेली ही पहिली मोठी इमारत. शंभराहून जास्त वर्षांची. तळमजला आणि वर तीन मजले, लाल विटा, चुन्याचा गिलावा, कोपऱ्यावर गोल सज्जे. दर्शनी दारावर चुन्यातच कोरलेलं साल : १९११. आत शिरलं की जिना. आणि जिना म्हणजे काय जिना... मधोमध मोकळी जागा, तिच्याभोवती वळत जाणारा लोखंडी वेलींचा कठडा, पायाखाली निळ्या-पिवळ्या नक्षीच्या फरश्या आणि वर काचेचं छप्पर. ऊन आलं की त्या काचांचे तुकडे पायरी पायरी उतरत खाली यायचे. मधल्या मोकळ्या जागेच्या एका कडेला जाळीची लिफ्ट होती. ती बारा वर्षांपूर्वी बंद पडली होती आणि आता रहिवासी तिच्यात कुंड्या ठेवायचे. तिला ही इमारत पहिल्याच दिवशी आवडली. तपासणाऱ्याने इमारतीच्या प्रेमात पडू नये म्हणतात. म्हणणारे म्हणोत.

काम सरळ होतं. इमारत धड असेल तर जतन करायच्या जुन्या वास्तूंच्या यादीत जाणार. धड नसेल तर धोकादायक ठरणार, आणि मग पंधरा दिवसांत सगळ्यांनी घरं रिकामी करायची. मधलं काही नव्हतं.

बादलीवाला दुसऱ्या मजल्यावर आत्याबरोबर राहत होता. कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळी इमारत त्याला चष्मेवाला म्हणायची. त्याच्या स्वतःच्या नाकावर मात्र चष्मा नव्हता. त्याला लहानपणापासून आत्यानेच वाढवलं होतं. आत्याचे गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. टेप घेऊन जिन्यात फिरणाऱ्या या मुलीला तिने दोन दिवस दाराआडून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी फर्मान काढलं, की टेपवालीला चहाला बोलाव, उभ्या उभ्या वाळून चालली आहे पोरगी.

त्या दिवशी ती दारांच्या जागी जिन्याच्या भिंतींची जाडी मोजत होती; चारही बाजूंच्या भिंती एकाच मापाच्या बांधलेल्या होत्या. तळमजला, अठरा इंच. पहिला मजला, अठरा इंच. दुसऱ्या मजल्यावर आली तर चष्मेवाला दारातच उभा, हातात दोन कप. दाराशीच खुर्ची मांडलेली होती. नाही कसं म्हणणार?

"तुम्ही बघताना मान डावीकडे कलवता," तो कप देत म्हणाला.

"कुठे?"

"आत्ता. परवा जिन्यातही. उजव्या डोळ्याला नंबर असणार. अर्धा, फार तर पाऊण."

"तुम्ही सगळ्यांनाच असं निरखून बघता?"

"दुकानात बघतो. घरी असलो की डोळ्यांना सुट्टी."

"मग आज?"

त्याने आधी कपातल्या चहाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आज... सुट्टी मोडली."

तिने चहाचा घोट घेतला तो इतका गरम होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चहामुळे आलं हे पटवण्यासाठी तिला दोनदा खोकावं लागलं. आतून आत्या म्हणाली, की साखर जास्त झाली का गं. तिने नाही म्हणून सांगितलं. मग त्याने तिला विचारलं, की इमारती बघून कंटाळा येत नाही का. आणि ती जी बोलायला लागली ती बोलतच राहिली. विटांबद्दल, चुन्याबद्दल, जुन्या गवंड्यांबद्दल. एवढं तर ती घरीही बोलत नसे. निघाली तेव्हा काचेच्या छपरावर बारीक पाऊस वाजत होता आणि तासाभराचा उशीर झाला होता. वहीतले उरलेले दोन रकाने तिने जिना उतरता उतरता भरून टाकले.

पुढच्या आठवड्यात तिने ऑफिसात बसून सगळे आकडे एका कागदावर मांडले.

ओळंब्याच्या दोरीपासून जिन्याच्या मोठ्या भिंतीचं अंतर तळाला दहा इंच होतं. पहिल्या मजल्यावर दहा. दुसऱ्यावर बारा. तिसऱ्यावर साडेचौदा. म्हणजे भिंत खाली सरळ होती आणि वर जाता जाता साडेचार इंच बाहेर गेली होती. भिंतीची जाडी तर सगळीकडे सारखी, मग दुसरा अर्थ काय निघणार? वरचे दोन मजले बाहेरच्या बाजूला कलले होते. भिंतीबाहेर माणूस आडवा होऊन शिरेल एवढीच बोळ होती आणि तीही पाइपांनी भरलेली, त्यामुळे बाहेरून ओळंबा लावायची सोय नव्हती. तिने हिशेब तीनदा केला. तीनही वेळा उत्तर तेच आलं.

विभागाचा एक कडक नियम होता : अहवाल जाईपर्यंत रहिवाशांना काही सांगायचं नाही. उगाच घबराट नको, वशिले नकोत. नियम चांगलाच होता. पण किरकोळ मोजमापांसाठी तिला अजून आठवडाभर त्याच जिन्यातून जा-ये करायची होती, आणि दुसऱ्या मजल्यावरचं दार रोज उघडं असायचं. पहिल्या दिवशी तिने घाई आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणाली. तिसऱ्या दिवशी तर ती भिंतीकडे तोंड करूनच वर गेली. चष्मेवाल्याने तिला हाक मारली नाही. तो नुसता दारात उभा होता, हातात एकच कप घेऊन.

त्यातच आत्याने तिला जिन्यात गाठलं आणि न विचारता सगळं सांगून टाकलं. की ती या घरात लग्न होऊन आली, इथेच तिचा नवरा गेला, इथेच भावाचा पोरका मुलगा वाढवला. की या पोराचा थोरला भाऊ दूर दुसऱ्या शहरात असतो, तो सारखा बोलावतो, पण तिथे आठव्या मजल्यावर कोण कुणाचं. "इथं आहे तोवर बरं आहे गं," आत्या म्हणाली. "इथून हलले तर त्या पोरालाही माझ्यापायी दुकान गुंडाळून तिकडे जावं लागेल." तिने मान हलवली आणि वर जाऊन तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून राहिली. आपण काय लिहिणार आहोत ते तिला माहीत होतं. त्यामुळे कोण कुठे जाणार हेही आता कळलं होतं. आणि तो गेला तर आपलं काय होईल, हे तिने स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

शुक्रवारी सकाळी अहवाल टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर गेला. साहेब बाहेरच्या पाहणीला गेले होते, चार वाजता येऊन सही करणार होते. सही झाली की नोटीस. ती जेवणाच्या सुट्टीत उठली, वही पिशवीत टाकली आणि त्याच्या दुकानात न जाता थेट इमारतीत गेली, कारण दुपारी तो जेवायला घरी येतो हे तिला पाठ झालं होतं.

दार उघडंच होतं. आत्या आत पडली होती. तिने त्याला हळूच बाहेर जिन्यात बोलावलं.

"मला हे सांगायची परवानगी नाही," ती म्हणाली. "पण नोटीस चिकटवल्यावर तुम्हाला कळावं, हे मला... मला जमणार नाही. भिंत कलली आहे. वरचे दोन मजले. मी तसं लिहिलंय. आज संध्याकाळी ते पुढे जाईल."

कठड्याच्या लोखंडी पानावरून त्याचं बोट फिरत राहिलं. ती वाट बघत होती. आता तो विनवेल, निदान विचारेल की काही करता येईल का... आणि तसं त्याने विचारलं असतं तर ती रडली असती, पण नाहीच म्हणाली असती.

"खरं असेल तर लिहायलाच हवं," तो म्हणाला. "वरच्या मजल्यावर दोन लहान मुलं आहेत. आत्याची समजूत मी काढीन." मग म्हणाला, "म्हणून तुम्ही आठवडाभर भिंतीकडे बघत होता होय? मला वाटलं, माझंच काही चुकलं."

त्या क्षणी तिला तो इतका आवडला की जिन्याची पायरीसुद्धा दिसेना. तिने वही काढली आणि त्याला आकडे दाखवायला लागली. गांगरली की ती आकड्यांत शिरत असे. हे अंतर, ही जाडी, हा फरक. तो वाकून बघत होता. चष्मेवाला असल्यामुळे बारीक अक्षर वाचायची त्याला सवय होती.

"हे काय आहे?" त्याने एका रकान्यावर बोट ठेवलं.

"भिंतीची जाडी. तळमजला अठरा, पहिला अठरा, दुसरा वरीलप्रमाणे, तिसरा वरीलप्रमाणे."

"वरीलप्रमाणे म्हणजे मोजलेलं?"

"मोजलेलंच," ती म्हणाली. "तुमच्या दारापाशीच तर मोजलं."

"नाही मोजलं."

"तुम्हाला काय माहीत?"

तो अवघडला. कानामागे हात गेला, परत आला. "तुम्ही त्या दिवशी इथे एक तास दहा मिनिटं होता," तो म्हणाला. "टेप पिशवीतून बाहेर काढलीच नाही. मी... मी सगळा वेळ बघतच होतो."

तिचे कान आधी तापले, मग गाल. त्याच्या त्या बोलण्याचा अर्थ तिच्यापर्यंत दोन वाटांनी आला, आणि दोन्ही एकाच वेळी पोचल्यामुळे तिला धड लाजताही येईना आणि धड घाबरताही येईना. खरंच, ती टेप काढल्याचं तिला आठवत नव्हतं. त्या दिवसातलं सगळं आठवत होतं, कपाची किनारसुद्धा, पण टेप नाही. चारही मजल्यांची दारं दिसायला सारखी, खालचे दोन आकडे सारखे. उतरता उतरता तिने वरच्या दोन मजल्यांना तेच लिहून टाकलं होतं. घाईतल्या मोजणीदाराचा सर्वांत जुना गुन्हा. इतरांनी केला की ती नाक मुरडायची.

"धरा," तिने टेपचं टोक त्याच्या हातात दिलं.

त्याने ते दाराच्या आतल्या कडेला टेकवलं. तिने दुसरं टोक बाहेरच्या कडेला ओढलं. वाचलं. मान डावीकडे कलवून पुन्हा वाचलं.

साडेतेरा.

"तुम्ही वाचा," ती म्हणाली.

"साडेतेरा," तो म्हणाला. "म्हणजे वाईट?"

ती तिसऱ्या मजल्यावर पळाली, तो टेपचं टोक धरून मागोमाग. तिथलं दार, साडेतेरा. जिन्यातली खिडकी, साडेतेरा. अठरातून साडेतेरा गेले की उरतात साडेचार इंच. आणि साडेचार इंच म्हणजे बरोबर अर्धी वीट. भिंत कललीच नव्हती. वर भार कमी म्हणून जुन्या गवंड्याने दुसऱ्या मजल्यापासून ती अर्धी वीट कमी जाड बांधली होती. बाहेरून सरळ, आतून मागे घेतलेली. आणि त्या जागी जी पायरीसारखी कड राहिली असती, ती दिसू नये म्हणून चुन्याने भरून उतरती करून टाकली होती, म्हणूनच दुसऱ्या मजल्यावर अंतर बाराच भरलं होतं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी केलेलं सुबक काम, दुसरं काही नाही.

तिने खात्री करायला दुसऱ्या मजल्यावरच्या भिंतीवर किल्ली ठोकून पाहिली. आवाज बद्द आला, म्हणजे आत वीट नव्हती, भरलेला चुनाच होता. आवाजाने उठलेली आत्या दाराशी येऊन म्हणाली, की तिथे खिळा ठोकायचा असेल तर नाद सोड, तिथे खिळा कधीच ठरला नाही, नवऱ्याचा फोटो तीनदा पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आत्याला विचारलं असतं तर ओळंबाही लागला नसता.

तिचा जीव भांड्यात पडला. ती सरळ पायरीवर बसली आणि तोंड ओढणीत घालून रडायला लागली. आत्या घाबरली. चष्मेवाल्याने तिला सांगितलं, की काही नाही आत्या, घर सरळ उभं आहे. आत्या म्हणाली, की मग त्यात रडायचं काय, ते तर मला केव्हाचं ठाऊक आहे.

तोवर साडेतीन वाजले होते.

साहेबांनी पेन उघडलं होतं तेव्हा ती धापा टाकत आत शिरली. तिने काही लपवलं नाही. दोन मजले मोजले नव्हते, वरीलप्रमाणे लिहिलं, चूक माझी. साहेबांनी अहवाल बाजूला ठेवला आणि का मोजले नाहीत ते विचारलं. ती म्हणाली, चहाला बसले होते. साहेब तिच्याकडे बघत राहिले.

"चहा बरा होता का?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

साहेबांनी पेन बंद केलं. ही इमारत तिच्याकडून काढून घेतली, दुसऱ्या माणसाला सगळी मापं पुन्हा घ्यायला लावली आणि तिला महिनाभर जुने नकाशे लावायच्या कामावर बसवलं. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. पंधरा दिवसांनी नवा अहवाल आला : इमारत भक्कम, किरकोळ दुरुस्ती, जतनयादीत घ्यावी. ती बातमी तिने नकाशांच्या खोलीत उभ्याने वाचली, मग बसून वाचली.

पण आता तिला त्या जिन्यात जायला काही कारण उरलं नव्हतं. याआधी तिला हे सुचलंच नव्हतं. दोन दिवस ती कारणं शोधत राहिली. बादलीचे आभार मानायचे राहिले. नंबर तपासून घ्यायचा राहिला. यादीची बातमी स्वतः सांगायला हवी... ती तर पालिकेने दारावर पाटी लावून सांगूनही टाकली होती. शेवटी रविवारी सकाळी तिने सगळी कारणं घरी ठेवली आणि निघाली.

दार त्याने उघडलं. तिच्याकडे बघितलं, तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"टेप कुठे आहे?"

"आणली नाही. राग आला होता का तुम्हाला? खरं सांगा. माझ्या एका शब्दामुळे तुमचं घर जाणार होतं."

"राग आला होता," तो म्हणाला. "भिंतीकडे तोंड करून गेलात ना, त्याचा. घराचं म्हणाल तर भीती वाटली होती. पण लिहू नका असं काही तोंडातून निघेना. तुम्ही खोटं लिहिलं असतं तर घर राहिलं असतं, आणि मी तुमच्याकडे पुन्हा तसं बघू शकलो नसतो."

"तसं म्हणजे कसं?"

तो हसला. उत्तर द्यायच्या बेतात होता, पण धीर झाला नाही. "आज काय काम काढलंत?" एवढंच विचारलं.

एखादं कारण सांगून सुटता आलं असतं. पण आठवडाभर तोंड चुकवून काय मिळतं ते तिने पाहिलं होतं, आणि न मोजता मनाने रकाने भरले की काय होतं तेही. आता जे आहे ते सरळ विचारायचं आणि सरळ सांगायचं.

"काम नाही," ती म्हणाली. "तुम्हाला बघायला आलेय. तासभर. त्या दिवशी तुम्ही एकट्यानेच बघून घेतलंत... मी विटांबद्दल बोलत बसले."

त्याने हात पुढे केला आणि तिने तो धरला. हात गार होता. म्हणजे तोही घाबरलाच होता तर. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना, आणि आज कामावर नसल्यामुळे तिने ते आवरलंही नाही.

"दारात उभं राहून काय बघायचं ते?" आत्या आतून म्हणाली. "आत या दोघं. बसून बघा."

तिने चपला काढल्या आणि ती आत गेली.